जुन्या इंजिनाला नवं ऑइल घालण्याआधी

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतलं गाड्यांचं सदर मी नेमाने वाचतो. दुकानात पेपर आला की पोरं खेळाचं पान ओढतात आणि पुरवणी माझ्या वाट्याला येते. गेल्या महिन्यात त्या सदरात एका वाचकाने विचारलं होतं, वडिलांची जुनी गाडी घरी उभी आहे, ती पुन्हा चालती करायची आहे, तर ऑइल कोणतं घालू? उत्तर असं छापलं होतं : आज बाजारात जे सगळ्यात वरच्या ग्रेडचं पातळ सिंथेटिक ऑइल मिळतं ते बिनधास्त घाला, ऑइलचं तंत्र फार पुढे गेलंय, जुन्या इंजिनाचा त्यात फायदाच आहे.

ते वाचलं तेव्हा माझ्या बाकावर एक कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, पडला होता. अकराशे किलोमीटर चाललेला, म्हणजे नवाच म्हणायचा. आठातले दोन लोब, म्हणजे त्यावरचे उंचवटे, संपलेले. त्या गाडीच्या मालकानेही असाच सल्ला ऐकून असंच ऑइल घातलं होतं. म्हणून हे पत्र. माझं शिक्षण नववी, लिहिण्याची सवय बिलं फाडण्यापुरती. टाइप नातीने केलंय. दोन ठिकाणी ती म्हणाली, “आजोबा, हे छापणार नाहीत,” ती वाक्यं गेली. बाकी सगळं माझं.

मी १९७८ पासून कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात इंजिनं उघडतो. अँबॅसिडर, पद्मिनी, विलीज जीप, पुढे मारुती, डिझेल, सगळं. तो कॅमशाफ्ट ज्या गाडीतला, ती सांगलीच्या एका डॉक्टरांची. १९६७ सालची एमजीबी. दोन सीटची, उघड्या टपाची, विलायती. आमच्या गल्लीत ती शिरली तेव्हा बोअरिंगवाला मशीन चालू ठेवून बाहेर आला होता, ह्यावरून काय ते समजा. इंजिन १७९८ सीसी, ताकद ९५ हॉर्सपॉवर. आजच्या हिशेबाने हा आकडा काही मोठा नाही, पण गाडी अंगाने हलकी, आणि दोन एसयू कार्ब्युरेटर एका वेळी श्वास घेतात तेव्हा जो आवाज येतो तो आताच्या गाडीत पैसे मोजून मिळत नाही.

लोक विचारतात, कोल्हापूरचा मिस्त्री एमजीला हात कसा लावतो? अहो, ती आपल्या अँबॅसिडरची चुलतबहीण आहे. इंग्लंडच्या बीएमसी कंपनीचं बी-सिरीज नावाचं इंजिन होतं. १९५५ ला आलेल्या एमजीए ह्या आधीच्या मॉडेलमध्ये ते १४८९ सीसीचं होतं. आपल्या अँबॅसिडरला आधी साइड व्हॉल्व्हचं इंजिन होतं, १९५९ पासून तिच्यातही हेच १४८९ सीसीचं बसलं. पुढे तेच वाढवून एमजीबीचं १७९८ झालं. ज्याने अँबॅसिडरचे टॅपेट सेट केलेत त्याचे हात एमजीबीवर आपोआप चालतात. डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा जरा पडला. विलायती सून गावातलीच निघाली, असं काहीतरी झालं असावं.

तक्रार अशी होती, की पन्हाळ्याच्या चढाला गाडी दम टाकते आणि मधूनच कार्ब्युरेटरमधून फट् करून शिंकते. आधीच्या ठिकाणी कार्ब्युरेटर तीनदा धुऊन झाले होते. पॉइंट बदलले, कंडेन्सर बदलला, प्लग तर दोन सेट. मी आधी टॅपेट बघितले, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा रॉकर ह्यांच्यातली फट. आठातले दोघे इतके ढिले, की फट मोजायच्या फिलर गेजची पंधरा थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पट्टी आत घालून वर आणखी एक पट्टी गेली असती. सेट करून दिले. गाडी आठवड्याने परत आली, तेच दोन पुन्हा ढिले.

इथे एक गोष्ट तरुण मिस्त्र्यांसाठी सांगतो. टॅपेट ढिला झाला की आपण स्क्रूवर नाहीतर लॉकनटवर राग काढतो. पण नीट आवळलेला टॅपेट आठवड्यात ढिला पडला आणि परत तोच पडला, तर नटाला सोडा, खाली इंजिनाच्या पोटात काहीतरी झिजतंय. रॉकर काढून पुशरॉडच्या डोक्यावर डायल गेज लावला आणि पुलीच्या नटाला पाना घालून इंजिन हाताने फिरवलं. सहा पुशरॉड सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास उचलत होते. पाच नंबरचा चार. आठ नंबरचा तीनलाही पोचेना. दोन्ही एक्झॉस्टचे. जळालेला धूर बाहेर जायला दारच अर्धवट उघडत होतं, मग तो कार्ब्युरेटरकडून शिंकणार नाही तर काय करील?

डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, “साहेब, इंजिन उतरवावं लागेल.” पलीकडून काही वेळ आवाज नाही. मग म्हणाले, “मामा, कॅमशाफ्ट तर तीन वर्षांमागे नवीन घातलाय. बिल आहे माझ्याकडे.”

बिल त्यांनी आणून दाखवलं. मोठ्या शहरातलं, चकचकीत दुकानाचं. नाव लिहीत नाही, माणसं बाकी कामात चांगली असतील. बिलावर एक ओळ होती, कॅमशाफ्ट बदलला. गॅस्केट होती, टायमिंग चेन होती, मजुरी होती. टॅपेट कुठेच नव्हते.

मी तिथेच समजलो. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी जरा फोड करून सांगतो, कारण सगळं पत्र ह्या एका गोष्टीवर उभं आहे.

ह्या जातीच्या इंजिनात कॅमशाफ्ट वर हेडमध्ये नसतो, खाली ब्लॉकच्या पोटात असतो. त्यावर आठ उंचवटे, आठ व्हॉल्व्हसाठी. उंचवट्यावर टॅपेट बसतो (वरची फट जुळवण्यालाही आम्ही टॅपेट सेट करणं म्हणतो, पण खरा टॅपेट हा), टॅपेटवर पुशरॉड उभा, पुशरॉड वरच्या रॉकरला ढकलतो आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. टॅपेटचा तळ बघायला सपाट, पण तो सपाट नसतो. अगदी किंचित फुगीर असतो, आणि कॅमचा उंचवटाही एका बाजूला किंचित उतरता घासलेला असतो. नुसत्या डोळ्याला हे दिसत नाही. शिवाय उंचवटा टॅपेटच्या बरोबर मध्यावर नसतो, थोडा बाजूला असतो. हे सगळं कशासाठी, तर प्रत्येक फेऱ्यात टॅपेट स्वतःभोवती जरासा फिरावा. इंजिन तीन हजारावर असतं तेव्हा कॅम मिनिटाला दीड हजार वेळा फिरतो, दर फेऱ्याला टॅपेट थोडा सरकतो आणि झीज सगळ्या तळावर वाटली जाते. फिरायचा थांबला, की एकाच जागी घासत बसतो. मग खेळ काही तासांचा.

जुना टॅपेट आपल्या जुन्या उंचवट्याशी संसार करून बसलेला असतो. त्याचा फुगीरपणा गेलेला, तळाला त्या एका उंचवट्याच्या घडणीचा खळगा. तो नव्या कॅमवर बसवला, की फिरत नाही. म्हणून नियम असा : कॅम नवा तर टॅपेट नवे, आठच्या आठ. जुनाच कॅम परत घालायचा असेल तर जुने टॅपेट चालतात, पण ज्याचा त्याने, ज्याच्या त्याच्या जागी. मी टॅपेट काढले की अंड्याच्या ट्रेमध्ये नंबराने ठेवतो. एकदा दुकानातल्या पोराने तो ट्रे रिकामा समजून चहावाल्याच्या अंड्यांसाठी नेला होता, त्या दिवशीचं बोलणं नातीने टाइप केलं नसतं.

पण त्या चकचकीत दुकानाला नावं ठेवायचा मला हक्क नाही. १९८२ साली हेच मी केलंय. गडहिंग्लजच्या एका गूळ व्यापाऱ्याची अँबॅसिडर होती. नवा कॅम आणला, टॅपेट काढून बघितले तर आरशासारखे चमकत होते. मला वाटलं काय सुंदर आहेत, पुसले आणि परत घातले. दोन महिन्यांत गाडी दारात. वस्तादांनी ब्लॉकमधून एक टॅपेट काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, “घोड्याला खोगीर नवं घातलंस आन् नाल जुनीच ठिवलीस व्हय रं?” चमकणारा टॅपेट म्हणजे एका जागी उभा राहून घासलेला टॅपेट, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्यांदा इंजिन उतरवायचं काम मी फुकट केलं, आणि नव्या कॅमचे पैसे पगारातून सहा महिने कापले गेले.

तर डॉक्टरांच्या गाडीचं इंजिन उतरवलं. एमजीबीत कॅमवरूनच डिस्ट्रिब्युटर फिरतो आणि कॅमवरूनच ऑइल पंप फिरतो, तेव्हा सम्प, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, खोलून पंप आणि त्याची दांडी काढल्याशिवाय कॅम बाहेर येत नाही. गाडीत ठेवून अंग चोरत हे करण्यापेक्षा इंजिन स्टँडवर बरं. रॉकरचा सांगाडा काढताना ह्या इंजिनाची एक खोड लक्षात ठेवावी लागते : त्याचे काही नट हेडचेही नट आहेत. तेवढेच सोडले तर हेड वाकडं होतं. आधी पाणी काढायचं, मग हेडचे अकराही नट क्रमाने थोडे थोडे ढिले करायचे. अँबॅसिडरलाही हेच.

बाजूची दोन झाकणं काढली आणि टॅपेट एकेक करून बाहेर घेतले. सहा ठीक होते, म्हणजे निदान बघायला ठीक. पाच नंबरचा तळ वाटीसारखा खोल गेलेला. आठ नंबरचा हातात घेतला आणि अंगठा फिरवला. पाट्याला नव्याने टाकी लावल्यावर हाताला जसं खरखरीत लागतं, तसं लागलं. बारीक बारीक खड्डे, मधूनच टवका उडालेला. टवके गेले कुठे? सम्पमध्ये. तळाच्या गाळात चुंबक फिरवला तर त्याला करडी मिशी आली. कॅम पुढून ओढून बाहेर काढला तेव्हा आठ नंबरचं नाक बसलेलं होतं. लोब कुठला, गोल दांडाच तो.

आता ऑइलकडे येतो, कारण आपल्या सदराचा विषय तोच आहे.

कॅम आणि टॅपेट जिथे एकमेकांना टेकतात ती जागा रेघेएवढी असते आणि त्या रेघेवर दाब प्रचंड. बेअरिंगला जसं पंपाने ऑइल पोचतं तसं तिथे पोचत नाही, क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांवर भागवावं लागतं. अशा ठिकाणी नुसत्या ऑइलचा थर टिकत नाही. म्हणून ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरस असलेलं एक रसायन घालतात, झेडडीडीपी म्हणतात त्याला. उष्णतेने आणि दाबाने ते धातूवर पातळ साय धरतं. घासली जाते ती साय, लोखंड वाचतं.

हा फॉस्फरस थोडा थोडा जळून सायलेन्सरकडे जातो आणि तिथल्या धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला निकामी करत जातो. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. अमेरिकेत तो त्याच्या वीस वर्षं आधीपासून आहे, आणि ऑइलचे ग्रेड ठरतात तिकडेच. म्हणून त्यांनी फॉस्फरस पायरीपायरीने कमी केला. नव्वदच्या दशकात कमाल मर्यादा ०.१२ टक्के होती, मग ०.१० झाली, आणि एपीआय ह्या अमेरिकी संस्थेच्या २००४ च्या एसएम ग्रेडपासून पातळ ऑइलांसाठी ०.०८ टक्के. पुढचे एसएन आणि एसपीही तसेच. ह्यात चूक काही नाही. हवा स्वच्छ राहिली पाहिजे, आणि आजच्या इंजिनांत कॅमवर बऱ्याच ठिकाणी रोलर असतात, त्यांना तेवढा फॉस्फरस लागतही नाही. सिंथेटिक वाईट, असंही मी म्हणत नाही. ज्या इंजिनासाठी ते बनवलं त्यात ते उत्तमच आहे. पण डॉक्टरांच्या एमजीबीत घातलं होतं ० डब्ल्यू २०, म्हणजे अगदी पातळ. १९६७ च्या इंजिनात! हे म्हणजे पैलवानाला भाताची पेज पाजून आखाड्यात सोडण्यासारखं झालं. पेज वाईट नाही, आजाऱ्याला तीच देतात.

आता कॅम मेला तो जुन्या टॅपेटने की पातळ ऑइलने? खरं सांगायचं तर कोणाचा वाटा किती, हे मला सांगता येणार नाही. शिवाय तिसराही एक आरोपी आहे. डॉक्टर सहज बोलून गेले, “नवीन कॅम घातल्यावर पहिल्यांदा चालू केली तेव्हा अर्धा तास आयडलिंगला ठेवून कार्ब्युरेटर जुळवत होते, काय गोड आवाज होता मामा!” मी कपाळाला हात लावला. नवा कॅम आणि नवे टॅपेट एकमेकांवर बसतात ते पहिल्या वीस मिनिटांत. त्या वेळात आयडलिंग म्हणजे विष. शिंतोडे कमी उडतात आणि स्प्रिंगचा सगळा जोर कॅमच्या नाकावर येतो. इंजिन चालू झाल्या क्षणापासून दोन हजाराच्या वर ठेवायचं असतं.

नवा कॅम आणि आठ टॅपेट इंग्लंडहून मागवले. कस्टम धरून तीस हजाराच्या आत-बाहेर गेले. मागवायच्या आधी डॉक्टरांच्या पुतण्याने मधे तोंड घातलं. पुण्यात इंजिनीअरिंगला आहे, पोरगा हुशार. म्हणाला, “काका, खर्च करतोच आहोत तर रेसिंग कॅम घालू, पंधरा-वीस हॉर्सपॉवर वाढतील.” वाढतील, वरच्या आरपीएमला. मी त्याला कागदावर काढून दाखवलं. ह्या गाडीचा मूळ कॅम इनलेट व्हॉल्व्ह वरच्या टोकाच्या १६ अंश आधी उघडतो आणि खालच्या टोकानंतर ५६ अंशांनी मिटतो. १६ आणि १८० आणि ५६ मिळून २५२ अंश. रेसिंगच्या कॅममध्ये हाच आकडा पावणेतीनशेच्या वर जातो. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे राहतात, खालच्या आरपीएमला ताकद पडते, आयडलिंग लंगडतं. म्हटलं, “बाळा, तू ही गाडी रेसच्या ट्रॅकवर नेणार आहेस की संध्याकाळी सहाला दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत थांबवणार आहेस?” डॉक्टर हसले. मूळ मापाचाच कॅम आला.

बसवायच्या दिवशी मी दुकानात दुसरं काम घेत नाही. कॅम ज्यांत फिरतो ते तीन बुश बघितले, चांगले होते. प्रत्येक लोबवर आणि प्रत्येक टॅपेटच्या तळाला मोलिब्डेनमची काळी पेस्ट बोटाने चोळली. कॅम आत सरकवताना धसमुसळेपणा नको, लोबची कड बुशला लागली की ओरखडा पडतो. पुढची पट्टी आवळून आतबाहेरचा खेळ मोजला. तीन ते सात थाऊ पाहिजे, साडेचार आला. दोन्ही चेनव्हीलवरचे ठिपके समोरासमोर आणून चेन चढवली. मग टॅपेटवर पांढऱ्या मार्करने एकेक रेघ मारली, पुशरॉड-रॉकर चढवले आणि बाजूची झाकणं उघडीच ठेवून इंजिन हाताने सावकाश फिरवलं. पुतण्या बॅटरी धरून वाकून बघत होता. रेघा एकेक करून बाजूला सरकायला लागल्या. पहिली, दुसरी, चौथी. सहा नंबरची हलेना. पोराचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. टॅपेट बाहेर काढला, बघतो तर त्याच्या भोकाच्या कडेला जळून चिकटलेल्या जुन्या ऑइलचा पापुद्रा. लाकडी काडीला कापड गुंडाळून साफ केलं, परत घातला, फिरवलं. सरकली. हे पाच मिनिटांचं बघणं कुठल्याच बिलावर येत नाही.

क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, सगळे पंधरा थाऊ, नऊच्या नियमाने. हा नियम आमच्या वस्तादांनी पहिल्या आठवड्यात शिकवला होता : जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय त्याचा नंबर नवातून वजा करा, जो उरेल तो सेट करा. आठ उघडा तर एक, पाच उघडा तर चार. पुतण्याला हे इतकं आवडलं की त्याने व्हिडिओ काढला.

इंजिन गाडीत बसवलं. ऑइल २० डब्ल्यू ५०, घट्ट, साधं मिनरल, आणि घ्यायच्या आधी त्या कंपनीचं माहितीपत्रक पुतण्याला मोबाइलवर शोधायला लावलं. फॉस्फरस ०.११ टक्के. इथेही एक सांगतो, नुसता २० डब्ल्यू ५० हा आकडा बघून भागत नाही. घट्ट ऑइलाला ती ०.०८ ची मर्यादा लागू नाही, पण म्हणून प्रत्येक कंपनी भरपूर फॉस्फरस घालतेच असंही नाही. आणि ह्याच्या उलट, वरून बाटलीतली औषधं ओतून फॉस्फरस वाढवत बसू नये, जास्त झालं की तेही लोखंडाला खातं.

स्टार्टर मारत बसलो असतो तर कॅमवरची पेस्ट पुसली गेली असती, म्हणून ऑइल गेजच्या जोडावरून हातपंपाने ऑइल आत ढकललं, वर रॉकरवर थेंब दिसेपर्यंत. इग्निशन टायमिंग आधीच १० अंशावर बसवून ठेवलं. चावी फिरवली, मागचा पेट्रोल पंप टकटक करून गप्प झाला, म्हणजे कार्ब्युरेटर भरले. मग स्टार्टर. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं आणि मी लगेच काटा दोन हजार दोनशेवर नेला.

वीस मिनिटं. रेडिएटरसमोर दुकानातला मोठा फॅन लावलेला. काटा दोन हजार ते अडीच हजारात हळूहळू खालीवर करत राहायचं, एका जागी ठेवायचं नाही, पाणी आणि ऑइल प्रेशर ह्यांच्यावर नजर. नव्या रंगाचा आणि पेस्टचा धूर निघतो, त्याला घाबरायचं नाही. समोरचा वेल्डिंगवाला येऊन विचारून गेला, “बंद का करत नाही?” डॉक्टर हातात चहा घेऊन उभे होते, तो त्यांनी प्यायलाच नाही. एकविसाव्या मिनिटाला बंद केलं. गरम ऑइल लगेच काढून टाकलं. फिल्टर उघडून कागदाच्या घड्या कात्रीने कापून उन्हात धरल्या. काळी पेस्ट होती, किंचित करडा थर होता, चमकणारा कण एकही नाही.

दोन दिवसांनी पन्हाळ्याला नेली. चढ गाडीने वरच्या गिअरमध्ये काढला. आता तेराशे किलोमीटर झालेत, टॅपेट दोनदा बघितले, पट्टी तशीच जाते.

आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांकडे एमजीबी असेल, हे मला कळतं. पण तुमच्या त्या वाचकाने वडिलांच्या गाडीबद्दल विचारलं होतं. ती पद्मिनी असेल, जुनी अँबॅसिडर असेल, विलीज जीप असेल, ह्या सगळ्यांत कॅम ब्लॉकमध्ये आणि टॅपेट असेच घसरणारे. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, पण लोकांच्या दारात, वाड्यात, लग्नाच्या वरातीत पद्मिनी अजून भरपूर आहेत. आणि ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदवायची सोय २०२१ मध्ये झाल्यापासून झाकून ठेवलेल्या गाड्या बाहेर काढणारे वाढलेत. माझ्याच दुकानात वर्षात चार आल्या. ती माणसं आपलं सदर वाचतात.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या रविवारी सदरात चार ओळींची दुरुस्ती छापावी. १९९० च्या आधीची, पुशरॉडवाली गाडी असेल तर ऑइलचा डबा उलटा करून मागचा गोल शिक्का बघा. त्यात खालच्या बाजूला ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असं लिहिलं असेल तर तो डबा तुमच्या मारुतीला चांगला, पद्मिनीला नको. आणि कोणी कॅमशाफ्ट बदलून दिला तर बिलावर आठ टॅपेट आहेत का ते वाचा. नसतील तर जुने आठ परत मागा. कोणते घातले ते लगेच कळेल.

कळावे,
आपला,
उद्यमनगरातला एक इंजिन मिस्त्री,
कोल्हापूर

ता. क. मेलेला कॅम डॉक्टरांनी नेला नाही. तो माझ्या बाकावर बिलबुकावर वजन म्हणून ठेवलाय. सदर लिहिणारे गृहस्थ कधी कोल्हापूरला आले तर दुकानात यावं, चहा पाजतो. आठ नंबरच्या लोबवरून अंगठा फिरवून बघावा.